निवळ ठिपका
जिवाणू वाढवायचं अगार वितळताना जो उबट, मटणाच्या पाण्यासारखा वास येतो, त्यानं मला रत्नागिरीच्या कॉलेजातली ती दुपार आठवते, आणि शेजारच्या स्टुलावर बसलेली माझी मैत्रीण. तिचे वडील खाडीत होडी उलटून बेपत्ता झाले होते. पाऊस थांबला होता, पण खाडी अजून तांबडी गढूळ होती आणि शोधणारे रोज एकच सांगत, पाणी निवळलं की सापडतील. घरी बसवेना म्हणून ती प्रॅक्टिकलला आली होती. मॅडमनी जिवाणूंची बशी उजेडात धरली. तिच्यात विषाणूंनी जिवाणू मारून पाडलेले ठिपके होते, बहुतेक गढूळ आणि एक अगदी निवळ. "गढूळ ठिपक्यात विषाणू काही जिवाणूंच्या आत झोपून राहतो," मॅडम म्हणाल्या, "म्हणून ते जगतात आणि ठिपका गढूळ दिसतो. या निवळ ठिपक्यात त्याला झोपवणाऱ्या जनुकातच म्युटेशन झालंय. त्याला आता थांबता येत नाही. ज्यात शिरेल त्याला फोडून बाहेर पडतो." मैत्रीण बशीकडे बघत राहिली. "म्हणजे गढूळ आहे तोवर आत कोणतरी जिवंत असतं?" मॅडम हो म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बशी हळूच खाली ठेवली. तेवढ्यात तिचे काका दारात येऊन उभे राहिले, चपला हातात घेऊन. "चल गो बाय," ते म्हणाले, "पाणी निवळलं." आता हाच प्रयोग मी शिकवते. मुलांना तो ठिपका दाखवताना मी निवळ म्हणत नाही, क्लिअर म्हणते.