डिलीट केलेलं परत मिळेल

इक्बालभाईंच्या टेबलाखाली एक पत्र्याचा डबा आहे. कुठल्या फोनचे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही असे बारीक बारीक स्क्रू त्यात साठलेत. उपयोग काही नाही, पण फेकवतही नाहीत. माझ्या डोक्यात गिऱ्हाइकांचे किस्से अगदी तसेच साठलेत. नऊ वर्षांचे! आज म्हटलं, थोडे तरी ओतू या.

बुधवार पेठेत, गणपतीच्या दर्शनाची गर्दी ओलांडून आत वळलात की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं दुकान. मोबाइल दुरुस्ती. दारावर पाटी आहे, 'डिलीट केलेले फोटो परत मिळतील. कोणाचे, ते विचारले जाणार नाही.' दुसरी ओळ इक्बालभाईंची.

इक्बालभाई मालक. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, वडील रेडिओ, हे फोन. तीन पिढ्या पेठेत काढल्यामुळे मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि बोलणं माझ्यापेक्षा पुष्कळ कमी. ती कसर मी काउंटरवर बसून भरून काढते. त्यांचा नियम एकच. गॅलरी उघडायची ती गिऱ्हाइकाला शेजारी बसवूनच. त्यामुळे होतं काय, माणसं आपल्याच फोटोंसमोर बसतात आणि बोलायला लागतात. न विचारता!

*

सानिका म्हणून एक मुलगी आली होती, कर्वेनगरच्या कॉलेजातली. फोन सारखा हँग होत होता, स्टोरेज फुल.

"काका, काहीही उडवा, पण लवकर!"

गॅलरी उघडली. एकाच कॉफीच्या कपाचे एकशे बारा फोटो! कप डावीकडे, कप उजवीकडे, कपाशेजारी पुस्तक, तेच पुस्तक उघडं, तेच मिटलेलं, कपाभोवती बोटं, नेलपॉलिश दिसेल अशी.

"यातला टाकलास कुठला?" मी विचारलं.

"एकही नाही. परफेक्ट आलाच नाही ना!"

इक्बालभाईंनी मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता विचारलं, "कॉफी कशी होती?"

मुलगी विचारात पडली. खरंच पडली.

"प्यायलेच नाही, काका. गार झाली होती."

एकेक कप उडवत गेलो. साधारण साठाव्या कपाला ती हळूच म्हणाली, "मुग्धा बसली होती समोर. ती कधी उठून गेली, लक्षातच नाही आलं."

*

विश्रांतवाडीचे साळवी. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट. फोनचा डिस्प्ले फुटलेला.

"ताई, आज कसंही करून द्या. वाढदिवस आहे हो माझा! सकाळीच नव्या कोटातला फोटो टाकलाय. लोक शुभेच्छा देत असणार आणि इकडून उत्तर नाही. वाटेल, माणूस माजला!"

दीड तास ते समोरच्या स्टुलावर बसून होते. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. डिस्प्ले बदलला, फोन सुरू झाला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत उभे.

टिंग! बँकेच्या शुभेच्छा.

टिंग! विम्याच्या कंपनीच्या शुभेच्छा.

टिंग! दातांचा दवाखाना.

मग काहीच नाही. मी उगाचच काउंटर पुसायला घेतला.

"आमच्या या बिल्डिंगमध्ये नेटवर्कची बोंब आहे," इक्बालभाई म्हणाले. "भिंती जाड. खाली उतरलात की धडाधड येतील."

"तेच म्हटलं मी!" साळवी एकदम खुलले आणि जिना उतरून गेले.

"मीनलताई," इक्बालभाई म्हणाले, "त्यांचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून घेतलाय ना?"

मी माझ्या फोनवरून केकचं चित्र पाठवलं. इक्बालभाईंनी त्यांच्या फोनवरून फुलांचा गुच्छ. दोन मिनिटांत दोघांनाही सारखंच उत्तर आलं.

'मनःपूर्वक आभार! आज इतके मेसेज आलेत की सगळ्यांची ओळख पटवणं अवघड झालंय. आपण कोण?'

*

ऋचा नावाची एक होती. आयटीतली, तिशीची. फोन पाण्यात पडला होता.

"पार्ट मागवावा लागेल. चार दिवस," मी म्हणाले.

"रविवारच्या आत नाही का होणार?"

"रविवारी काही कार्यक्रम आहे का?"

"नाही, म्हणजे... दर रविवारी मी आमच्या दोघांचा फोटो टाकते. तीन वर्षं झाली, एक रविवार चुकलेला नाही. लोक वाट बघतात. आयडियल कपल म्हणतात आम्हाला."

"मग एक रविवार चुकला तर चुकला! लोकांना काय, बघतील पुढच्या रविवारी."

ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "लोकांचं सोडा हो. फोटो काढताना तो खांद्यावर हात ठेवतो. आठवड्यात तेवढंच."

इक्बालभाई उठले, चप्पल घातली आणि एवढ्या उन्हात पलीकडच्या गल्लीत स्वतः पार्ट शोधायला गेले.

फोन शनिवारी संध्याकाळी दिला.

*

अक्षयचं गाव आता पुणे शहरात आलंय. म्हणजे गाव तिथंच होतं, शहर चालत गेलं त्याच्याकडे. गाव म्हणून उरलंय ते बसच्या पाटीवर. हा पंचविशीचा, केसांना जेल, खाली मोठी गाडी उभी. पण हातात होता तो कपाटात पडून राहिलेला जुना, चरे गेलेला फोन.

"ताई, ह्यात लई फोटू होते. उडवलेत मीच. येतील का?"

"का उडवलेस?"

"प्रोफाइल नीट करायची व्हती. गाडीपुढचे ठिवले, शेतातले काढून टाकले. पोरं हसायची ना, गावठी म्हनायची. आप्पांबरचा एक व्हता, पेरणीच्या टायमाचा. दोघं गुडघ्यापातूर चिखलात. तो तर पयला उडवला."

"आणि आता कसा काय आठवला?"

"आता तिथं सात मजले झालेत. आप्पा रोज समोर जाऊन उभे ऱ्हात्यात. परवा मला इचारलं, आंबा नक्की कुठं व्हता रे? मला पन सांगता येईना."

इक्बालभाईंनी दोन दिवस खटपट केली. बाकीचे गेलेच होते, नेमका तो एक आला. पण डिलीट झालेले फोटो कधी कधी अर्धेच येतात. वरचा भाग नीट, खाली नुसता राखाडी पट्टा. तसाच आला. वर आभाळ, आप्पांची टोपी, आणि शेजारी खदाखदा हसणारा अक्षय. केसांना जेल नाही, कपाळाला चिखल. कमरेखाली राखाडी.

अक्षयने पडद्यावरून अंगठा फिरवून बघितला, त्या पट्ट्याखाली काही निघतं का म्हणून.

"मानसं आली ताई," तो म्हणाला. "रान तेवढं नाय आलं."

*

आपटेबाई निवृत्त शिक्षिका. जिना चढून आल्या, श्वास सावरला, आणि फोन काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हा कॅमेरा फार स्पष्ट आहे."

"चांगलंच आहे की, बाई!"

"चांगलं असतं तर एवढा जिना चढले असते का? जरा अंधुक करून द्या."

मग बाईंनीच सगळं सांगितलं.

बाईंचा मुलगा परदेशात. दर शनिवारी व्हिडिओ कॉल. मध्यंतरी आजारपण झालं, बाईंनी त्याला कळवलं नाही. वजन उतरलं, गाल बसले. कॉलच्या आधी त्या तयारी करायच्या. मागच्या भिंतीवर धुतलेला पडदा, टेबलावर फुलं, गालाला पावडर, आणि अंगात दोन स्वेटर.

"भरल्यासारखी दिसते त्याने. पण परवा विचारतो कसा, आई, मे महिन्यात पुण्यात थंडी पडलीय का?"

"बाई, बिघडलेला कॅमेरा नीट करतो मी," इक्बालभाई म्हणाले. "नीट असलेला बिघडवायचं काम कधी केलेलं नाही."

"मग शिका. माझ्या वर्गात तुमच्यापेक्षा ढ मुलं शिकली."

शेवटी इक्बालभाईंनी पुढच्या कॅमेऱ्यावर जुनी, घासलेली काच बसवून दिली. बाईंनी त्यात बघितलं. चेहऱ्यावर छान धुकं.

"वा! पंधरा वर्षं कमी झाली," म्हणाल्या.

दोन महिन्यांनी एक उंच गृहस्थ तोच फोन घेऊन आला. कपड्यांवर अजून प्रवासाच्या सुरकुत्या.

"आईचा कॅमेरा गेलाय बहुतेक. दोन महिने झाले, ती नीट दिसतच नाही मला. नवा फोन पाठवतो म्हटलं तर नको म्हणते, दुकानात जा म्हटलं तर जात नाही. मग म्हटलं, जाऊन बघूनच येऊ."

इक्बालभाईंनी फोन हातात घेतला, ती काच बघितली, आणि खाली ठेवला.

"मग? बघितलंत?"

"बघितलं," तो म्हणाला. "परतीचं तिकीट रद्द केलंय मी."

*

शरदराव एका दुपारी आले. सत्तरीला टेकलेले, शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेला फोन. फोन त्यांचा नव्हता, बायकोचा होता.

"आमची ही गेली, त्याला पाच महिने झाले," ते म्हणाले. "तिने डिलीट केलेले फोटो परत आणायचेत."

नियमाप्रमाणे त्यांना शेजारी बसवलं. गॅलरी उघडली तर बाईंचेच फोटो. गुलाबी साडी, निळी साडी, झोपाळ्यावर, तुळशीपाशी. गोरापान, गुळगुळीत चेहरा, कुठे रेघ म्हणून नाही.

"एवढे सुंदर फोटो असताना उडवलेले कशाला शोधताय, काका?" मी विचारलं.

"हिच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता," शरदराव म्हणाले. "लहानपणी उकळतं दूध अंगावर आलं होतं. इथपासून कानापर्यंत. आमच्या लग्नातसुद्धा फोटोग्राफरने उजवीकडूनच काढली तिला. पुढे चाळीस वर्षं प्रत्येक ग्रुप फोटोत मागे उभी. मग मुलाने हा फोन घेऊन दिला. यात डाग आपोआप पुसला जातो. ताई, काय आनंद झाला तिला! रोज एक फोटो टाकायची. शाळेतल्या मैत्रिणी लिहायच्या, अगं काय दिसतेस! मला वाचून दाखवायची. चुकून एखाद्यात डाग दिसला की तो लगेच डिलीट."

त्यांनी फोनकडे बोट केलं.

"दोन हजार फोटो आहेत यात. एकातही ही नाही."

इक्बालभाईंनी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं आणि फोन मशीनला जोडला. तासाभराने अकरा फोटो परत आले. गॅसची पावती, रांगोळी, कुणाची तरी पत्रिका, अंधारात हललेलं काहीतरी. शरदराव प्रत्येकाला मान हलवत होते. नाही, नाही, नाही.

अकरावा उघडला आणि ते पुढे वाकले.

बाल्कनीत उभ्या राहून बाई ओले केस पुसत होत्या. कुणाच्या तरी बोलण्यावर मान वळवून हसल्या होत्या. डावा गाल थेट समोर. त्यावर सकाळचं ऊन, आणि उन्हात तो डाग. रुंद, आक्रसलेला, कानापर्यंत.

"हा मी काढला होता," शरदराव म्हणाले. "तिला न सांगता. एवढी चिडली माझ्यावर! हातातून फोन हिसकावून घेतला आणि उडवला. दोन दिवस अबोला."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेवटी पडद्यावर फक्त गाल उरला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. खालून रिक्षांचे हॉर्न, हार-फुलंवाल्यांची ओरड, सगळं चालूच होतं.

मग त्यांनी फोटो पुन्हा होता तेवढा केला आणि फोन इक्बालभाईंपुढे सरकवला.

"आता डिलीट करा."

"आता गेला तर परत येणार नाही," इक्बालभाई म्हणाले. "कुणाकडूनच नाही."

"माहीत आहे."

"राहू द्या ना, काका!" मला राहवेना. "किती मुश्किलीने आलाय!"

"तिला विचारलं असतं, तर तिने ठेवू दिला असता का?" शरदराव म्हणाले. "माझं बघून झालं."

इक्बालभाईंनी फोनला हात लावला नाही. शेवटी शरदरावांनीच चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला, आणि फोन जवळ ओढून स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.