दरीत ह्यांच्यापाशी बसली होती ती कोण?

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. ज्यूंच्या ह्या देशात, वाळवंटातल्या ओफाकिमच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं मदतनीस होते, डोळ्यांदेखत माणसं गेलेली पाहिली… त्यातलं एकही परत आलं नाही. लहानपणी रेवदंड्याला आई मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढायची, तेव्हा मी तिच्या तोंडावर हसायची. तरी आज हे लिहिते आहे. आमचे 'हे' आता नाहीत, आणि माझ्यानंतर हे सांगायला कोणी उरणार नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. हे कापडाच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि एकच खूळ घेऊन बसले — देश बघायचा. "पंचवीस वर्षं ह्या मुलखात काढली, फॅक्टरी नि घर सोडून काय पाहिलं गो आपण?" मुलाची जुनी व्हॅन घेतली. मागे गादी टाकली, स्टो ठेवला, मी जुन्या साडीचे पडदे शिवले. एकेक नॅशनल पार्क बघत, व्हॅनमध्येच झोपत फिरायचं, असा बेत.

सुक्कोथचा, आमचा मांडवांचा सण नुकताच झाला होता. प्रवासाच्या चौथ्या दिवशी अरादवरून मृत समुद्राकडे उतरताना एका कोरड्या दरीच्या तोंडाशी ह्यांनी गाडी थांबवली. वर कड्यावर रानबकरे दिसले म्हणे. माझे गुडघे दुखत होते. "तू बस. अर्ध्या तासात येतो," म्हणाले, आणि पाण्याची लहानशी बाटली घेऊन दरीत उतरले. सकाळचे नऊ वाजले होते.

दहा वाजले. अकरा वाजले.

लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, ह्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. त्या दिवशी दरीच्या काठावर उभी राहून "सॅम्युअल! सॅम्युअल!" म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडले. खाली उतरायला गेले तर काटेरी झुडपात पडले, अंगातल्या स्वेटरचं बटण तुटून गेलं. गाडीत येऊन तिथे सेफ्टी पिन लावली आणि लंगडत रस्त्यावर जाऊन उभी राहिले. गाडी चालवायला मला येत नव्हती.

बारानंतर सैन्याची एक जीप आली. त्यातल्या सार्जंटने वायरलेसवर माणसं मागवली. मला जीपमध्ये बसवलं, पाणी पाजलं. विशीतलाच मुलगा होता, पण माझा हात त्याने सोडला नाही. सोडला असता तर मी पुन्हा दरीकडे धावले असते.

तीनच्या सुमाराला त्याच्या वायरलेसवर काहीतरी आलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"दोदा, वर डोंगरात पाऊस झालाय. शिटाफोन येतोय." दोदा म्हणजे मावशी, शिटाफोन म्हणजे लोंढा. आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपकाही नव्हता. मी आमच्या प्रार्थनेतला शेमा म्हणायला घेतला. लहानपणापासून पाठ, पण पहिल्या ओळीपुढे शब्दच आठवेनात. मग तो आवाज आला — खडी भरलेले शंभर ट्रक एकदम ओतावेत तसा. तांबड्या पाण्याची भिंत दरीतून खाली गेली. त्यात एक अख्खं बाभळीचं झाड फिरत होतं. मी त्या झाडात ह्यांचा शर्ट शोधत होते. तेव्हा मी देवाकडे ह्यांचा जीव मागितला नाही… नुसतं प्रेत तरी मिळू दे, एवढंच मागितलं.

सूर्य मावळायच्या आत शोधपथकाला हे सापडले. जिवंत. दरीच्या तळापासून दोन पुरुष उंच अशा कपारीवर, घोट्याचं हाड मोडलेलं. पाणी त्यांच्या पायाखाली हातभर अंतरावरून गेलं होतं. मोडक्या पायाने हा म्हातारा तिथे चढला कसा, पथकातल्या कोणालाच कळेना.

दुसऱ्या दिवशी बेर शेवाच्या हॉस्पिटलात मी त्यांच्या तोंडाला चमचा लावला, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"आईचं पत्र आलं होतं. तू चुलीत घातलंस."

मी चमचा वाटीत ठेवला.

आम्ही इथे आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी अलिबागहून सासूबाईंचं पत्र आलं होतं — 'मी फार दिवस काढीत नाही, एकदा येऊन भेट.' तीन लहान मुलं, चहूकडे वाळू. हे गेले तर परत येणार नाहीत, ह्या भीतीने मी ते जाळलं. दोन महिन्यांनी त्या गेल्या. 'आईने शेवटी मला बोलावलं नाही,' हा सल ह्यांना जन्मभर होता. आणि मी गप्प. सख्ख्या बहिणीलासुद्धा बोलले नव्हते.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तूच की! दरीत आलीस, माझ्याजवळ बसलीस. मी म्हटलं, आता माझ्याने उठवत नाही, मला इथेच राहू दे. तेव्हा तू पत्राचं सांगितलंस. वर म्हणालीस — मारा मला, पण त्यासाठी आधी वर चढा. रागारागाने चढलो मी. वळून बघतो तर तू नाहीस."

"अहो, मी जीपमध्ये होते. त्या सार्जंटला विचारा!"

"मग स्वेटरला पिन कशी होती? सकाळी बटण होतं."

माझा हात स्वेटरच्या पिनेवर गेला. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, उन्हाने माणसाला भास होतात. होत असतील. पण जळलेलं पत्र भासात कसं वाचता येतं?

घरी आल्यावर हे सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. पेसाहच्या सणाच्या आदल्या दिवशी मी सणाची वेगळी भांडी काढत होते, तेव्हा एकदम म्हणाले, "आई मेली तेव्हा मी नव्हतो, ते तुझ्यामुळे. आज जिवंत आहे, तेही तुझ्यामुळे. ह्या दोन्हींचं मी काय करू, तूच सांग." मी रडले. त्यांनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला बसले.

पुढे अकरा वर्षं जगले. बोलणं पूर्ववत झालं, हसणंही. मात्र अधूनमधून मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की क्षणभर माझ्याकडे निरखून बघायचे आणि हळूच विचारायचे, "तूच ना?"

"मीच," मी म्हणायची.

पण खरं सांगते… जे सांगायचं धाडस मला सात जन्मांत झालं नसतं, ते ती सांगून गेली. ती कोण होती हे त्यांना कळलं नाही, मलाही नाही. "मीच" म्हणताना दर वेळी माझी जीभ अडखळायची.