वाकड्या टाक्यांचा गळपट्टा

"चामड्याचा गळपट्टा आपण विकत घ्यायचा नसतो, दुसऱ्या कुणीतरी तो आपल्या गळ्यात घालायचा असतो," असं मार्लीस एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाली होती आणि हातची विक्री घालवून बसली होती.

त्या दिवशी इंगो तिच्याशी भांडला. दोघांचा स्टॉल एकच. लाइपझिगमध्ये काळे कपडे घालून मिरवणाऱ्या गॉथ मंडळींच्या जत्रेत दरवर्षी तो चांदीच्या अंगठ्या विके, ती चामड्याच्या वस्तू. "अगं, ही पोरं नटायला येतात. दागिना म्हणून दे आणि मोकळी हो," तो म्हणाला. तिने ऐकलं नाही. पुढच्या वर्षी मात्र मेजावर दोन पेट्या आल्या. डावीकडच्या पेटीतला पट्टा कुणीही घ्यावा. उजवीकडचे, पुढे पोलादी कडी असलेले, हवे असतील तर दोघांनी मिळून यायचं.

मार्लीस शिकली ती घोड्यांची खोगिरं शिवायला. बर्लिनची भिंत अजून उभी होती तेव्हा, सरकारी कारखान्यात. काळं कापड दुकानात मिळत नसे, चादरी बादलीत रंगवाव्या लागत. अशाच एका बादलीपाशी, कोपरापर्यंत हात काळे झालेले असताना, तिची आणि फोल्कमारची गाठ पडली. फोल्कमार ट्राम दुरुस्त करायचा. पुढे दोघांनी घर केलं आणि त्या घरात एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं असं ठरवून घेतलं. तो सांगे, ती ऐके. कुठला झगा घालायचा, किती वाजता निजायचं, कधी गुडघ्यावर बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायच्या, कधी मनगटं बांधून घ्यायची. हे सगळं जागच्या जागी थांबवणारा एक शब्द तिच्याकडे होता. इतक्या वर्षांत तो तिने दोनदा वापरला. दोन्ही वेळा फोल्कमार थांबला आणि कॉफी करायला उठला. हे इंगोला तिनेच सांगितलं होतं, हसत.

तिच्या गळ्यातला कडीचा पट्टा फोल्कमारने स्वतः शिवलेला. तीन रविवार बोटांना आरी टोचून घेत बसला होता. टाके वाकडे पडले. बक्कल त्याने लावलंच नाही, पट्टा तिच्या गळ्यात ठेवून शेवटचे टाके घातले. "शहरातली सगळ्यात चांगली कारागीर, आणि गळ्यात सगळ्यात वाईट काम," इंगो चिडवी. "धंद्यासाठी तरी झाक." ती झाकत नसे.

नोव्हेंबरात फोल्कमार फुप्फुसांच्या दुखण्याने गेला. दुखवट्याचे कपडे मार्लीसला वेगळे घ्यावे लागले नाहीत, ती आधीपासून काळ्यातच होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंना महिनाभर काही कळलं नाही.

इंगो रोज सकाळी फोन करू लागला.

"उठलीस?"

"उठले."

"काही खाल्लंस?"

"खाऊ?"

"खा ना, म्हातारे. मला काय विचारतेस?"

मग ती खाई. फोन ठेवल्यावर इंगोला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटे; तो सांगेल ते ती करत होती. आणि त्याच्याकडे फोल्कमारचा एक निरोप होता आणि तो त्याने दिला नव्हता. दफनाच्या दिवशी कसा देणार? नाताळात तर नाहीच. नंतर थंडी होती. नंतर थंडीही नव्हती.

जूनमध्ये जत्रा भरली. शनिवारी दुपारी हॉलमध्ये घेरदार झगे एकमेकांत अडकत होते. स्टॉलपुढे एक तरुण थांबला. लेसच्या बाह्या, डोळ्यांभोवती नीट काढलेलं काजळ. "काय सुंदर आहे हो तुमची!" म्हणत त्याने मार्लीसच्या गळ्यातल्या कडीत बोट घातलं आणि फोटोसाठी तिला उजेडाकडे ओढलं. अशी कडी धरायचा हक्क कुणाचा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी तो एक डूल होता. एरवी मार्लीसने त्याच्या मनगटावर फटका मारला असता. आज ती त्याच्यामागे दोन पावलं चालली आणि तो थांबला तिथे थांबली.

"सोडा," इंगो म्हणाला. "सोडा म्हणतो ना!"

"माफ करा. मला वाटलं, शोभेची आहे."

"तुमच्या गळ्यातली असेल शोभेची."

तरुण लाजून बाजूला झाला. इंगोने मार्लीसला स्टुलावर बसवलं, तिच्यापुढे सूपचा डबा ठेवला. ती डब्याकडे पाहत राहिली.

"तू गेलीस त्याच्यामागे."

"ओढलं त्याने."

"ओढलं म्हणून जायचं?"

तिने खांदे उडवले. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"मार्लीस, फोल्कमारने मला तुझा पट्टा कापायला सांगितलंय."

"कधी?"

"हॉस्पिटलात. तू खाली कॉफी आणायला गेली होतीस."

"आणि तू मला आज सांगतोयस."

"हो."

"काय म्हणाला? त्याच्या शब्दांत सांग."

"'मी गेलो की तो पट्टा तू काप. ती स्वतः कापणार नाही. तिला असं बांधलेलं ठेवू नकोस.'"

"बांधलेलं म्हणाला?"

"हो."

"गाढव कुठला," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "त्याने बांधलं होतं का मला?" मग तिने विचारलं, "सांगत होता की विनवत होता?"

"मला काय माहीत, बाई! धापा टाकत होता तो."

मार्लीसने मेजावरची चामडं कापायची रापी उचलून इंगोपुढे धरली. मग पाठ करून बसली आणि मानेवरचे केस वर घेतले.

"तुला हवंय का हे?" इंगोने विचारलं.

"विचारू नकोस."

"विचारणार. तुझा तो शब्द असेल तर म्हण. मी हात लावणार नाही."

तिने शब्द म्हटला नाही. इंगो बराच वेळ थांबला. तिची पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती, तेवढीच.

त्याने रापीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. दोरा घामाने वातड झाला होता. एकेक टाका उसवावा लागला. तोवर स्टॉलपुढे माणसं जमली होती. "शू, सुरू झालंय," कुणीतरी म्हणालं. फोन वर झाले. एका बाईने नवऱ्याला पुढे यायची खूण केली. इंगोला ओरडावंसं वाटलं, पण पातं तिच्या मानेजवळ होतं आणि हात हलवून चालणार नव्हतं.

शेवटचा टाका तुटला. पट्टा सुटून त्याच्या हातात आला. खाली मानेवर एक पांढरा पट्टा उरला होता, चामड्याखाली ऊन न लागलेला, त्यावर टाक्यांचे खळगे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या.

"मार्लीस," इंगो म्हणाला, "काहीतरी बोल."

त्याने पट्टा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. दोन बोटं गळ्याला लावली, काढली. कोट चढवला, वरची गुंडी उघडीच ठेवली. गर्दीने अदबीने वाट दिली, खेळ संपवून निघालेल्या नटीला द्यावी तशी, आणि ती त्या वाटेने बाहेर निघून गेली.