‘इम्प्रूव्ह’ म्हणजे काय?

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितोय. मन थाऱ्यावर नाही.

आज दुपारी शेजारच्या आक्कांच्या मालकांना कोल्हापूरच्या दवाखान्यातून घरी सोडलं. मी इंग्रजी शिकवतो, म्हणून आक्कांनी मला विचारलं, "सर, कागदावर इम्प्रूव्ह लिवलंय म्हणं. म्हंजे काय हो?"

"सुधारणं. बरं होणं," मी कागद न बघताच बोललो.

आक्कांनी लगेच वारणानगरला लेकीला फोन लावला. "तुझं बाबा बरं झाल्यात गं!"

मग मी कागद वाचला. त्या शब्दाआधी ‘नॉट’ होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

मी आक्कांकडून फोन घेतला. "ताई, आजच निघून ये," एवढंच म्हणालो. आक्का मालकांच्या उशाशी जाऊन बसल्या.

तुम्ही असता तर कसं सांगितलं असतं?