शेख करीम यांची काच आणि माझे अक्षर

मयताचे नाव शेख करीम. राहणार अमरावती. काम, सरकारी दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली विहिरींचे पाणी तपासणे. तक्रार, त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची. साक्षीदार एकच: कचेरीपुढे बसून लोकांचे अर्ज लिहिणारा मी.

करीमभाई कोठेही पाणी पिण्यापूर्वी पेला उजेडाकडे धरीत. यावर मी एकदा हसलो, तेव्हा त्यांनी मला दवाखान्यात नेऊन काचेला डोळा लावावयास सांगितले. माळ्यांच्या वाडीतील विहिरीचे पाणी त्यांनी, आत असेल ते वाढावे म्हणून, ऊब देऊन ठेवले होते. त्याच्या एका थेंबात स्वल्पविरामासारखे बारीक जंतू सैरावैरा धावत होते.

“हैजा म्हना का पटकी, तो हा, मुन्शीजी. एका खोलीचं घर हाय. भवताल भिंत, आत रस, मांगं पळासाठी शेपूट. खानं, हागनं सारं त्याच खोलीत. खोली भरली का मधात भिंत घालते, एकाचे दोन. तुमचा अर्ज लिवून होयेस्तोवर दोनाचे चार.”

“मग यास मारावे कसे?”

“लाल दवा टाकाची, परमँगनेट. भिंत जळली का घर खतम.”

त्यांनी विहिरीत दवा टाकली. पाणी जांभळे झाले. त्यात धुतलेली भाजी बाजारात कोणी घेईना, म्हणून वाडीचा पुढारी सखाराम माझ्याकडे आला.

“या मियाँनं पानी बाटवलं. असा अर्ज लिवा का तो पुन्हा इकडं दिसू नये.”

मी लिहिला. ‘अज्ञात द्रव्य’, ‘दुष्ट हेतू’ हे शब्द माझे, अंगठे वाडीकरांचे. आठ दिवसांत करीमभाई बडतर्फ झाले आणि दवा बंद पडली.

अर्जाची नक्कल घेऊन ते माझ्यापुढे बसले.

“अक्षर तुमचंच हाय ना?”

“लिहिणे हा माझा धंदा आहे.”

“हाय ना. पन तुमी तर पाह्यलं होतं, मुन्शीजी.”

त्यांना माझी साक्ष हवी होती. कचेरीशी वाकडे नको म्हणून मी दौतीचे झाकण लावले.

महिन्याभरात वाडीत हैजा शिरला. करीमभाई न बोलावता गेले, सखारामच्या चुलीवर पाणी उकळून आजाऱ्यांना पाजीत राहिले, आणि तेथेच वारले. त्यांच्या जनाज्याला सखारामने खांदा दिला. मी गेलो नाही.

त्यांच्या नावावरील ठपका पुसावा, असा अर्ज मी स्वतःच्या सहीने केला, त्यास वर्ष लोटले. मेहेरबान सरकारने कृपा करून उत्तर द्यावे. पहिल्या अर्जास आठ दिवस पुरले होते. अक्षर तेच आहे.