आसामहून आलेलं पत्र

लढाईच्या तिसऱ्या उन्हाळ्यात ब्रह्मदेश पडला आणि तिकडे पोटासाठी गेलेली आपली माणसं डोंगर-जंगलं तुडवत पायी परत येऊ लागली. त्यातली काही कुटुंबं धुळ्यालाही येऊन पोचली. त्यांची सोय पांझरेकाठच्या एका धर्मशाळेत केली होती. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. गावात मदत समिती निघाली तिचे चिटणीस आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर होते. सारं गाव त्यांना नाना म्हणत असे, मीही म्हणे. मराठी चौथीनंतर वडील माझं शिक्षण थांबवणार होते, तेव्हा नाना आमच्या घरी तीनदा आले. तिसऱ्यांदा वडिलांनी मान डोलावली. पुढे इंग्रजीही मला त्यांनीच शिकवलं, स्वतःच्या ओसरीवर, फुकट. त्यामुळे त्यांनी एका सकाळी बोलावून सांगितलं, "तुझं अक्षर चांगलं आहे. धर्मशाळेतल्या लोकांची पत्रं तू लिहीत जा," तेव्हा मला त्यात मान वाटला.

शाळा सुटली की मी तिकडे जाई. कुणाला रंगूनच्या कंपनीकडे राहिलेल्या पगाराचा अर्ज लिहायचा असे, कुणाला कलकत्त्याच्या छावणीत अडकलेल्या भावाला निरोप. पहिले दोन दिवस एक बाई भिंतीला टेकून नुसती बघत बसली होती. तिसऱ्या दिवशी ती उठून माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "ताई, मनी पोर जित्ती शे. तेवढं लिख." पोर जिवंत आहे, एवढंच तिला लिहून हवं होतं.

ती साक्रीकडची होती. नवरा रंगूनला भाताच्या गिरणीत होता. बाँब पडू लागल्यावर नवरा, ती आणि सात वर्षांची मुलगी निघाली. नवरा वाटेत पटकीनं गेला. त्याला तिथंच ठेवून मायलेकी पुढं चालल्या. आसामची हद्द जवळ आली तिथं मुलीला ताप भरला. आजारी माणसं नेणाऱ्या मोटारीत पोरीला चढवलं, आणि बाईला सांगितलं की जागा नाही, तू पुढच्या मोटारीनं ये. पुढची मोटार तिसऱ्या दिवशी आली. दवाखान्याच्या तंबूत ती पोचली तेव्हा तिथं कुणालाच अशा पोरीचं काही ठाऊक नव्हतं. पंधरा दिवस तिनं तंबूतंबूतून शोधलं. मग तिला इतरांबरोबर गाडीत बसवून देशाकडे पाठवलं.

मी खुणा विचारल्या. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग. समोरचा एक दात पडलेला. बोली अहिराणी, थोडी ब्रह्मी. छावण्या, दवाखाने, अनाथालयं, जिथला पत्ता मिळाला तिथं मी इंग्रजीत पत्रं धाडली. उत्तराचा पत्ता अर्थातच समितीचा, म्हणजे नानांच्या घरचा. त्यानंतर मी धर्मशाळेत पाऊल टाकलं की ती पत्राचंच विचारी, "ताई, कागद उना का?"

श्रावणात समितीनं बायकांची सभा घेतली. नाना बोलले, पण बायका चुळबुळत होत्या. तेव्हा कुणीतरी तिला पुढं केलं. ती उभी राहिली आणि तिच्या बोलीत, आवाज न चढवता, मोटार कशी आली आणि पोर कशी गेली एवढंच सांगून खाली बसली. सभेत पदर डोळ्यांना लागले. दुसऱ्या दिवशी समितीच्या दारात गोधड्या, धोतरं, लुगडी, ज्वारीची पोती यांचा ढीग पडला. नाना मला म्हणाले, "पाहिलंस? माझ्या व्याख्यानानं जे झालं नसतं ते तिच्या चार वाक्यांनी झालं."

मग ते नेमानंच सुरू झालं. त्या दिवसांत सगळीकडे धरपकड चालली होती, सभांना बंदी होती, पण मदतीच्या सभेला मामलेदार परवानगी देत. शिरपूर, पारोळा, मग जळगाव, नशिराबाद. मी सोबतीला असे. मोटारीत ती खिडकीशी बसे. एकदा म्हणाली, "कितला डाव सांगू? सांगी सांगी माले खोटं वाटाले लागनं."

पुन्हापुन्हा सांगून तिला तेच खोटं वाटू लागलंय, हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला समजाव. जितक्या गावांत कळेल तितक्या लोकांचे डोळे लागतील. त्यातूनच पोर सापडायची." मला ते पटलं. मी तेच शब्द तिला जाऊन सांगितले. ती तयार झाली. नशिराबादला तिनं पुन्हा सगळं सांगितलं, आणि या वेळी मधेच थांबून कोपरावरचा डाग कुठं होता ते स्वतःच्या हातावर दाखवलं. तसं दाखवायला मीच सुचवलं होतं.

संक्रांतीनंतर यावलची सभा ठरली. नानांना त्या आठवड्यात ताप होता. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्या मला म्हणाल्या, "यावलच्या मंडळींची यादी भिंतीतल्या कपाटात आहे, तूच काढून घे." यादी सापडली. तिच्याखाली एक लांबट पाकीट होतं आणि त्यावर आसामचा शिक्का. नाना आलेल्या प्रत्येक पत्रावर तांबड्या शाईनं तारीख घालत. या पाकिटावरही होती, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली.

पत्र एका मिशनच्या अनाथालयातून आलं होतं. तुम्ही लिहिता त्या वयाची मुलगी आमच्याकडे आहे, डाव्या कोपरावर भाजल्याची खूण आहे, तिची भाषा इथं कुणालाच समजत नाही. ती एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारते, ती ऐकू आली तशी खाली लिहिली आहे. आईचा फोटो किंवा काही ओळख पाठवावी. आमच्याकडे जागा आणि धान्य दोन्ही कमी पडत असल्यानं मुलांना दुसरीकडे हलवावं लागत आहे, तरी दीड महिन्याच्या आत कळवावं.

खाली इंग्रजी अक्षरांत तीन शब्द होते. पहिल्यांदा वाचले तेव्हा काहीच अर्थ लागला नाही. मग मी ते ओठांत पुटपुटले. माय कोठे शे.

मी पाकीट घेऊन नानांच्या खाटेपाशी गेले. त्यांनी ते पाहिलं आणि उशीला टेकून बसले. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"खात्री नव्हती," ते म्हणाले. "अशा खुणेच्या पोरी किती असतील. खोटी आशा लावून त्या बाईचं काय झालं असतं?"

"नाना, हे शब्द तुम्हाला कळले नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पांघरुणाला पुसला. त्यांचा जन्म धुळ्याचा, लहानपण साक्रीरोडच्या वस्तीत गेलेलं. घरी काकूंशी ते अहिराणीतच बोलत.

"कळले," ते म्हणाले. "पण जळगावच्या सभा ठरल्या होत्या. ती तेव्हाच निघून गेली असती तर धर्मशाळेतल्या बाकीच्यांनी हिवाळा कशावर काढला असता? एकीचं दुःख तीन महिने लांबलं, त्यात किती पोरांच्या अंगावर पांघरूण आलं याचा विचार कर. या सभा आटपल्या की मी सांगणारच होतो."

"त्यांनी दीड महिन्याची मुदत दिली होती."

"संस्था अशा मुदती घालतातच," ते म्हणाले, आणि शाळेत चुकलेलं गणित समजावत तशा मऊ आवाजात पुढं म्हणाले, "तू अजून लहान आहेस."

मी उठले. काकू दारात उभ्या होत्या, हातात काढ्याचा पेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. रस्त्यानं चालताना एकच गोष्ट डोक्यात होती. ते पत्र वाचण्याइतकं इंग्रजी मला याच माणसानं शिकवलं होतं.

धर्मशाळेत ती ज्वारी निवडत होती. मला पाहून नेहमीचं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि माझ्या हातातलं पाकीट पाहून थांबली. मी तिच्याशेजारी बसून सगळं पत्र तिला मराठीत सांगितलं. शेवटचे तीन शब्द जसेच्या तसे वाचले. तिनं सूप बाजूला ठेवलं. 

"कवय उना?"

"दिवाळीच्या आधी."

"मी नशिराबादले सांगी राह्यनू, तवय कागद आठेच व्हता?"

"हो, इथंच होता."

"तुले माहीत व्हतं?"

मी नाही म्हटलं. मी शपथही घेतली. तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मीच तिला प्रत्येक सभेला नेलं होतं, मीच हात कसा दाखवायचा ते सांगितलं होतं. मी तिच्या जागी असते तर माझाही विश्वास बसला नसता.

त्याच दिवशी मी अनाथालयाला तार केली. पाच दिवसांनी उत्तर आलं. मुलांची एक तुकडी बिहारकडच्या संस्थांत हलवली होती, ती मुलगी त्यात होती. तिला तिथल्या लोकांनी नवं नाव दिलं होतं. कोणत्या संस्थेत गेली त्याची नोंद शोधून कळवू, एवढंच तारेत होतं. मी म्हणाले, शाळेत रजा टाकते, आपण दोघी जाऊ. तिनं मान हलवली. "मनासंगे येऊ नको," ती म्हणाली. धर्मशाळेतलं एक म्हातारं जोडपं कलकत्त्याला मुलाकडे निघालं होतं, त्यांच्याबरोबर ती गेली. स्टेशनवर मी तिला अनाथालयाच्या नावानं लिहिलेलं पत्र दिलं. तिनं ते घेतलं, पण गाडी हलेपर्यंत तोंड खिडकीकडे वळवलं नाही.

यावलची सभा नानांनी बरे झाल्यावर घेतली. तिथं आणि पुढच्या सभांत तिच्याऐवजी ते स्वतःच तिची हकीकत सांगत, आणि फार छान सांगत, असं ऐकलं. मी समितीचं काम सोडलं. लोकांनी कारण विचारलं तर आई आजारी आहे म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर धर्मशाळेत येणारं धान्य थांबलं असतं, हे मलाही कळत होतं. म्हणजे नानांचंच गणित मी मांडलं, याची लाज पुढं बरीच वर्षं वाटत राहिली.

लढाई संपल्याच्या साली शाळेच्या कामानं साक्रीला गेले होते. आठवड्याचा बाजार होता. तिथं, धर्मशाळेत एकदोनदा पाहिलेला तिचा भाऊ मिरच्या विकायला बसलेला भेटला. पोरगी सापडली, त्यानं सांगितलं. वर्षभर तीन-चार ठिकाणी हिंडल्यावर सापडली. नव्या नावालाच ओ देत होती, अहिराणी विसरली होती, आईजवळ झोपायला सुरुवातीला तयार नव्हती. बहीण तिथंच त्या संस्थेच्या स्वयंपाकघरात कामाला राहिली आहे. आता पोर आईशी हिंदीत बोलते.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?" मी विचारलं.

त्यानं मिरच्यांवरून हात फिरवला. "नही, ताई," तो म्हणाला. मग जरा संकोचानं विचारलं, "मिरच्या तोली देऊ का?"

मी शेरभर मिरच्या घेतल्या आणि मोटारस्टँडकडे चालू लागले.