गुडघाभर पाणी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती पाटणची, सडेतोड. कळलं असतं तर त्याच दिवशी मला हाताला धरून भागाबाईच्या दारात उभं केलं असतं. म्हणून सांगितलं नाही — आणि आता ऐकायला ती नाही. तेव्हा तुम्हीच ऐका.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. सातारा-सांगलीच्या मधल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत मी ओव्हरसियर होतो. गावाचं नाव घेत नाही. रस्ते, गटारं, मोजणी, नकाशे, सगळं माझ्याकडे. माझं अक्षर सुरेख, आणि मला त्याचा जरा गर्वच होता. नोकरी मात्र हंगामी, दर सहा महिन्यांनी मुदतवाढ. मला कायम व्हायचं होतं — हे आधीच सांगतो, पण त्याच्याआड लपणार नाही.

त्या वर्षी गावाला दवाखाना मंजूर झाला. चांगला मोठा, बाळंतपणाची वेगळी खोली असलेला. तो बांधायचा कुठे, यावरून पालिकेच्या सभेत जुंपली. एक जागा स्टँडमागची. दुसरी ओढ्यापलीकडची, बौद्ध वस्तीला लागून असलेली पालिकेचीच मोकळी जमीन. वस्तीतल्या आणि तिच्या मागच्या वाड्यांतल्या माणसांना डॉक्टरकडे जायचं तर ओढा ओलांडावा लागायचा, आणि पावसाळ्यात तो ओलांडता येत नसे. सदस्य निम्मे इकडे, निम्मे तिकडे. स्टँडमागच्या जागेला लागून नगराध्यक्षांच्या घरची जमीन होती. हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

शेवटी ठरलं, की ओव्हरसियरने पलीकडची जागा पाहून यावी, तिथे पुराचं पाणी येतं का ते लिहावं आणि सोबत तिथल्या एखाद्या जुन्या माणसाचा जबाब जोडावा. निघताना नगराध्यक्ष एवढंच म्हणाले, "पाणी येत असलं तर प्रश्नच मिटला." खोटं लिही असं मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आज निदान कुणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं.

वस्तीनं भागाबाईला पुढे केलं. साठीची, काटक बाई. तिची सून बाळंतपणात अडली तेव्हा ओढा भरून वाहत होता. बाजेवर घालून पलीकडे नेईपर्यंत पोटातलं मूल गेलं, सून कशीबशी वाचली. दवाखाना म्हटल्यावर त्या बाईला काय वाटत असेल! मला सगळी जमीन तिनं पायी फिरवून दाखवली. अगदी सखल कोपऱ्यात उभी राहून गुडघ्यावर हात ठेवला.

"हितवर. गुडघ्याएवढं. त्ये बी माज्या जल्मात एकदाच, आन् सांजच्याला उतारलं."

मी हसत म्हणालो, "मावशी, पाणी येतच नाही म्हणा की."

"आवं, खोटं कशापायी बोलू? जोतं जरा उंच घ्या म्हंजी झालं. जसं हाय तसं लिवा, साहेब."

त्या वेळची आमची रीत अशी — अंगठा आधी घ्यायचा, मजकूर मागाहून कचेरीत बसून सावकाश लिहायचा. कोऱ्या कागदाच्या तळाशी तिनं अंगठा दिला, शाई केसांना पुसली आणि मला गुळाचा चहा पाजला. आपण वस्तीत चहा घेतो, याचाही मला तेव्हा अभिमान वाटायचा.

कचेरीत येऊन लिहायला बसलो. 'गुडघ्याएवढे' — एवढाच शब्द लिहायचा होता. हात थांबला. का थांबला? मला कायम करण्याची फाईल नगराध्यक्षांच्या टेबलावर होती म्हणून? की त्यांनी मला शहाणा म्हणावं म्हणून? मी लिहिलं — कमरेएवढे पाणी येते, दरवर्षी येते, दोन-दोन दिवस हटत नाही. सुरेख अक्षरात लिहिलं. खाली भागाबाईचा अंगठा.

सभेत तो जबाब मोठ्यानं वाचला गेला. वस्तीच्या बाजूनं भांडणाऱ्या सदस्यांनी आग्रह सोडला. वस्तीतल्याच माणसानं सांगितल्यावर ते तरी काय करणार? ठराव स्टँडमागच्या जागेचा झाला. दोन महिन्यांत मी कायम झालो, पेढे वाटले.

वस्तीत बाईशी लोक बोलेनासे झाले. सख्खा मुलगा चारचौघांत म्हणाला, म्हातारीनं तोंड उघडलं आणि दवाखाना घालवला. हे माझ्या कानावर आलं होतं.

पण इथवरचं एक वेळ मी कुणाला तरी सांगितलंही असतं. नोकरीत माणसं असं करतात, ऐकणाराही मान डोलावतो. मला जे सांगवत नाही ते पुढचं आहे.

सभेनंतर पंधरा-वीस दिवसांनी ती कचेरीत आली. दाराशी चपला काढल्या. भांडायला आली असेल असं धरून मी उत्तरं जुळवून ठेवली. ती भांडली नाही. टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "साहेब, रागावू नगा, येक इचारायचं हाय. मी गुडघा म्हणलं हुतं का कंबार? समदी म्हंत्यात, कागदात कंबार हाय. माज्या तर गुडघा ध्यानात हाय. तुमी हुता तितं. तुमीच सांगा."

कारकून जेवायला गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. मी 'गुडघा' म्हणालो असतो तर तिच्याशिवाय कुणी ऐकलंही नसतं. ती मला खोटं पाडायला आलीच नव्हती — आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढंच विचारायला आली होती. मी तिच्याकडे नीट बघत म्हणालो, "मावशी, तुम्ही कंबरच म्हणालात."

दारापर्यंत जाऊन तिनं चपला पायात घातल्या. मग म्हणाली, "मंग म्हणलं आसंन. वय झालं आता. तुमी कशाला खोटं लिवाल?"

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. कुणी विषय काढला की सांगायची, माझंच चुकलं. सुनेच्या पाया पडून तिनं माफी मागितली, असं ऐकलं. माझ्या मुलीची दोन्ही बाळंतपणं स्टँडमागच्या दवाखान्यात झाली, सुखरूप.

भागाबाई गेली तेव्हा मी मयतीला गेलो होतो. तिचा मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. त्याला तेव्हा तरी सांगता आलं असतं. यंदा पाऊस बरा आहे, एवढंच त्याच्याशी बोललो आणि घरी आलो.